पहिल्या गणितानंतर

“म्हणजे पोरांनी चुकतच राहायचं का, भंते?”

राजरतनचा आवाज चढला होता. विहारात आवाज चढवू नये हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. पण माणूस फार शिकला की अशा साध्यासुध्या गोष्टी विसरतो.

भंते सुमनतिस्स यांनी त्याच्यापुढचा चहाचा पेला थोडा जवळ सरकवला.

“घे. गार होतोय.”

राजरतन गोंडाणे याच बोडीटोला वस्तीतला. याच विहारातल्या अभ्यासिकेत भंतेंच्या हाताखाली पाढे शिकला, पुढं शहरात गेला, शिक्षणशास्त्रात डॉक्टर झाला. मुलं कशी शिकतात, यावर त्याचं संशोधन होतं. ते संशोधन आता एका टॅबमध्ये येऊन बसलं होतं.

टॅबचं काम सोपं होतं. मुलानं गणिताची एक पायरी सोडवायची. बरोबर असेल तर पडद्यावर हिरवा दिवा लागे, चुकली तर लाल. तेही लगेच, पुढच्या पायरीला हात लावायच्या आधी.

त्यानं हे टॅब आसपासच्या शाळांत दिले होते. हक्काची जागा म्हणून या अभ्यासिकेतही ठेवले होते. वर्षभरात मुलांचे गुण वाढले. कोणी कितीही नाक मुरडलं तरी गुण वाढले हे खरं होतं.

उद्या सकाळी जिल्ह्याच्या गावी बैठक होती. राजरतननं तिथं शिफारस केली, तर जिल्ह्यातल्या सगळ्या आश्रमशाळांत हेच टॅब जाणार होते.

त्याआधी तो भंतेंचा आशीर्वाद घ्यायला आला होता. निदान त्याची स्वतःची समजूत तशी होती.

“मी विचारलं त्याचं सांगा ना,” तो म्हणाला. “चूक झाल्या झाल्या सांगितली तर बिघडलं कुठं?”

“बिघडलं असं मी कुठं म्हटलं?”

“मग मघाशी काय विचारलंत?”

“चूक पोराजवळ किती वेळ राहते, एवढंच विचारलं.”

“राहतच नाही. तेच तर माझं संशोधन आहे!”

“हं...”

विद्वान माणसाला शिवी सहन होते, ‘हं’ सहन होत नाही. राजरतननं पिशवीतून लॅपटॉप काढला आणि चटईवर उघडला.

पडद्यावर दोन रेघा होत्या. एक खालून सरपटत गेलेली, दुसरी झपाझप वर चढलेली.

भंते पुढं वाकले. त्यांनी चष्मा पुसला आणि नीट पाहिलं. त्यांना खरंच बघायचं होतं.

“ही वरची रेघ आपली पोरं?”

“हो. टॅबवाली.”

“चांगली वर गेलीय.”

“तेच म्हणतोय मी!” राजरतन एकदम मोकळा झाला. “भंते, आमच्या शाळेत चूक कळायची कधी? गुरुजी छडी घेऊन शेजारी उभे राहायचे तेव्हा. तोवर मी पोटात गोळा घेऊन बसायचो. उत्तर बरोबर असलं तरी गोळा, चूक असलं तरी गोळा. तेव्हाच ठरवलं होतं, कुठल्याही पोराला असं ताटकळत ठेवायचं नाही. माझ्या दिव्याकडं छडी नाही. तो रागावत नाही, हसत नाही, चारचौघांत नाव घेत नाही.”

हे तो मनापासून बोलत होता. त्या छडीचे वळ भंतेंनी पाहिले होते, स्वतः तेल लावलं होतं.

“छडी गेली ते फार चांगलं झालं,” भंते म्हणाले.

“मग अडलं कुठं?”

भंते पडद्यापासून मागं सरले.

“आचल कशी आहे?” त्यांनी विचारलं.

राजरतननं लॅपटॉपकडं पाहिलं, जणू उत्तर तिथं असणार होतं.

आचल रामटेके ही अभ्यासिकेतली सगळ्यांत हुशार मुलगी. टॅबवर तिच्याएवढे हिरवे दिवे कोणाचेच लागत नसत. निवासी शाळेच्या प्रवेशपरीक्षेला ती बसली तेव्हा साऱ्या टोल्यानं तिला जमेत धरलं होतं. परीक्षा कागदावर होती. तिनं पहिलं गणित सोडवलं, बिनचूक सोडवलं, आणि मान वर करून बघत बसली. पर्यवेक्षक बाईंना वाटलं, पोरीला तहान लागली असेल. त्यांनी पाणी दिलं. ती पाणी प्यायली आणि पुन्हा वर बघत बसली. घंटा झाली तेव्हा बाकीचा कागद कोरा होता.

हे राजरतनला माहीत होतं. बाईंशी तो स्वतः बोलला होता.

“आचल अपवाद आहे, भंते. परीक्षेची भीती. इतक्या मुलांत एखादं मूल असं निघतंच. मी अहवालात तसं लिहिलंय.”

“कुठं?”

“शेवटी. अपवाद दिलेत, त्यांत.”

“नावानं?”

“नाव देत नसतात, भंते.”

“असं होय...”

बाहेर हातपंपाचा आवाज येत होता. कोणीतरी संध्याकाळचं पाणी भरत होतं.

“तिची आई सकाळी भोजनदान घेऊन आली होती,” भंते म्हणाले. “ताट ठेवलं आणि तिथंच खांबाला टेकून रडली. म्हणे, पोरगी बोलतच नाही, भंतेजी. भूक लागली का म्हटलं तं माह्या तोंडाकडं पायते. लाल फ्राक घालू का निळा, तं तोंडाकडं पायते. मी काय सांगू तिले?”

राजरतन चहाच्या पेल्याची कड बोटानं चोळत राहिला.

“टॅब इथं ठेवायला मीच हो म्हटलं होतं,” भंते म्हणाले. “पोरं खूश होती. मीही खूश होतो.”

त्यांच्या आवाजात दोष देणं नव्हतं. राजरतनला तेच जास्त लागलं. भंते रागावले असते तर त्याला भांडता आलं असतं.

“एका मुलीसाठी सगळं काम चुकीचं ठरत नाही,” तो म्हणाला.

“नाही ठरत.”

“मग मला उद्या काय सांगायचं ते ठरवू द्या. सरळच बोलतो. एकेका वर्गात पोरं कोंबलेली, शिक्षक अर्धा वेळ दुसऱ्याच कामाला. कोण बघणार प्रत्येकाची वही? माझं मत पक्कं आहे. टॅब सगळीकडं गेले पाहिजेत.”

त्यानं भंतेंकडं पाहिलं.

भंतेंच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

“म्हणजे... एकदम सगळीकडं नको, हे मलाही पटतं. आधी थोड्या शाळांत देऊ. वर्षभर बघू.”

त्यानं पुन्हा पाहिलं.

...

“नाहीतर असं करता येईल. दिवा उशिरा लावू. सगळं गणित सोडवून झाल्यावर. ते काही अवघड नाही.”

...

“की बंदच करावं म्हणता?”

भंते त्याच्याकडं बघत होते. डोळ्यांत राग नव्हता, कौतुकही नव्हतं.

“तुम्ही बंद करा म्हणत असाल तर बंद करतो, भंते. तुमच्या शब्दाबाहेर मी नाही.”

पक्कं मत घेऊन आलेला माणूस. पेल्यातला चहा संपायच्या आत त्याचं मत विहाराच्या चारी कोपऱ्यांत फिरून आलं होतं.

भंतेंनी आसनाशेजारी ठेवलेला ताडाच्या पानांचा पंखा उचलला. उपासकांना पंचशील देताना काही भिक्खू असा पंखा तोंडापुढं धरतात. ऐकणाऱ्यानं शब्द ऐकावेत, सांगणाऱ्याचं तोंड बघत बसू नये, म्हणून.

भंतेंनी तो पंखा चेहऱ्यापुढं धरला.

राजरतन गोंधळला.

“हे काय, भंते?”

“बोल. ऐकतोय मी.”

“पण मला तुमचा चेहरा दिसत नाही.”

पंख्याआडून उत्तर आलं नाही.

“उद्या माझ्या सहीवर एवढ्या शाळांचं ठरणार आहे. आणि तुम्ही... मी शील घ्यायला आलो नाही. मी विचारायला आलोय.”

...

“रागावलात का?”

...

“भंते!” त्याचा आवाज आता चढला नाही, फाटला. “एवढंच सांगा. बरोबर की चूक? तेवढं सांगा आणि मी जातो!”

आवाज भिंतीवर आदळला आणि त्याच्याकडंच परत आला.



समोर वाळलेली ताडाची पानं होती, त्यांच्या शिरा होत्या. त्यांत वाचण्यासारखं काही नव्हतं. तरी तो बघत राहिला. बघणं थांबवायचं कसं, हेच त्याला उमजेना. मान वर, ओठ किंचित उघडे, हात मांडीवर.

हातपंपाचा आवाज थांबला.

“तिला पाणी नको होतं, भंते,” राजरतन म्हणाला.

पंखा हलला नाही.

“बाईंना वाटलं, तहान लागलीय. तिला पाणी नको होतं. तिला फक्त... कोणीतरी...”

त्याला लाज वाटली, आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्याच हुशारीचा राग आला. गणित बरोबर होतं. तिचं गणित बरोबर होतं, आणि ते तिला कोणी सांगितल्याशिवाय कळणार नव्हतं.



मग राजरतननं लॅपटॉप मिटला.

“उद्या मी आचलपासून सुरुवात करतो,” तो म्हणाला. बोलताना तो पंख्याकडं बघत नव्हता, चटईकडं बघत होता. “गुण वाढले, तेही सांगतो. ती वर बघत बसली, तेही सांगतो. दिवा असताना मुलं काय करतात ते मी मोजलं. दिवा नसताना काय करतात, ते मोजलंच नाही. हे कळेपर्यंत मी शिफारस करणार नाही.”

त्यानं श्वास घेतला.

“प्रकल्प बहुधा बंद पडेल. माझ्याबरोबर काम करणारी पोरं मला शिव्या घालतील. त्यांची वर्षं गेलीत यात. माझीही गेलीत.”

...

“पण असंच सांगतो.”

त्याचं तोंड पुढं काही विचारायला उघडलं. “हे बरो...” एवढं बाहेर आलं, आणि त्यानं तोंड मिटलं. बाकीचं त्यानं गिळलं. गिळताना त्रास झाला, ते दिसत होतं.

तो उठला. गुडघे टेकून त्यानं तीनदा वंदन केलं.

“सुखी हो,” पंख्याआडून शब्द आले. नेहमीचेच, येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येकाला मिळणारे.

राजरतननं पिशवी खांद्याला लावली. दारात चपला घालून तो वस्तीकडं वळला. पंख्याच्या कडेनं बघत भंतेंनी मागून विचारलं,

“गाडी तर तिकडं उभीय. इकडं कुठं निघालास?”

“आचलच्या घरी.”

“तिला काय सांगणार?”

“सांगणार काही नाही. विचारणार आहे.”

भंतेंनी पंखा खाली घेतला. त्यांचे डोळे लाल झाले होते. म्हातारा माणूस इतका वेळ हात वर धरून बसला होता.

“विचार,” ते म्हणाले. “पण तिचं उत्तर येईपर्यंत... तिच्याकडं बघू नकोस.”