पुढची डावी डिस्क

"अजून एक मिलिमीटरच्या वर शिल्लक आहे. मग बदलायची कशाला, वस्ताद?"

शर्वाणी सरनोबतनं हातातला, जाडी मोजायचा मायक्रोमीटर म्हाताऱ्यापुढे धरला. गाडीचं पुढचं डावं चाक काढून बाजूला ठेवलं होतं आणि ब्रेकची डिस्क सकाळच्या उन्हात उघडी पडली होती.

"नवी होती तेव्हा बावीस. वीसच्या खाली गेली की टाकायची, असं डिस्कवरच कोरलंय. मी आठ ठिकाणी मोजली. कुठंच एकवीसच्या खाली नाही."

दस्तगीर वस्तादांनी आकडा पाहिला. मान हलवली.

"बरोबर मोजलीस."

"मग झालं तर!"

वस्ताद डिस्ककडेच बघत राहिले…

कोल्हापुरात तालमीतल्या गुरूला वस्ताद म्हणतात आणि हाताला हुनर असलेल्या मिस्त्रीलाही. दस्तगीर शिकलगारांनी चाळीस वर्षं ब्रेकचंच काम केलं होतं. आधी ट्रकचं, मग बसचं, आणि उतारवयात शर्यतीच्या गाड्यांचं. शर्वाणी इंजिनिअर. लोखंड ओतायच्या कारखान्यात नोकरी आणि रविवारी शर्यत. चार वर्षांपूर्वी ती त्यांच्याकडे आली, तेव्हा तिला चाकाचे नट कोणत्या क्रमानं आवळायचे तेही ठाऊक नव्हतं. आता तिच्याकडे स्वतःचा मायक्रोमीटर होता, स्वतःची वही होती, आणि वस्तादांना समजावून सांगण्यासारखं पुष्कळ काही होतं.

उसाच्या फडांमधल्या त्या ट्रॅकवर आज निवड होती. नऊ ते अकरा. पहिला अर्धा तास सरावाचा, पुढे ज्याची एक फेरी सगळ्यांत वेगवान तो पहिला. वरचे तिघं दक्षिणेतल्या मोठ्या शर्यतीला जाणार. गेल्या वर्षी शर्वाणी सहावी आली होती. यंदा तिसरा नंबर तिच्या हाताशी होता.

वस्ताद उकिडवे बसले. डिस्कवर सगळीकडे बारीक भोकं होती. शर्यतीच्या गाडीला शोभतात, वजनालाही हलकी पडतात, म्हणून शर्वाणीनं हौसेनं तसल्या डिस्क बसवल्या होत्या. वस्तादांनी अंगठ्याचं नख डिस्कवर टेकवलं आणि मधल्या भागापासून काठाकडे ओढलं. मग थोडं सरकून पुन्हा. मग पुन्हा…

एका भोकाजवळ नख थांबलं.

"इथं हात दे."

शर्वाणीनं आपलं नख फिरवलं. भोकापासून काठापर्यंत एक रेघ गेली होती. डोळ्याला केसाएवढी. नखाला मात्र लागत होती.

"भेगा असतातच हो," ती म्हणाली. "ट्रॅकवर डिस्क लालबुंद होते, मग गार होते. बारीक जाळं पडतंच."

"पडतं."

"जाळं पडलं म्हणून कोणी डिस्क टाकत नाही."

"नाही टाकत."

"मग?"

"ही काठाला पोचलीय."

"एकच तर आहे. दोन तासांचा प्रश्न आहे, वस्ताद. आता बदलायला बसले तर सराव जाईल. नवी डिस्क हळूहळू ब्रेक लावत तापवून मुरवायची तर पुढचा अर्धाअधिक वेळही जाईल. उद्या बदलते. आज ती टिकेल."

"टिकेल म्हणतेस?"

"टिकेल."

वस्ताद गुडघ्यांवर हात देऊन उठले. आता ते रागावणार, असं शर्वाणीला वाटलं. पण त्यांनी चाक उचलून जागेवर लावलं, नट आवळले, जॅक खाली घेतला. मग डोक्यावरची टोपी काढली, घडी घालून खिशात ठेवली आणि शेजारच्या गाडीवाल्याकडून एक जादा हेल्मेट मागून आणलं.

"हे कशाला?"

"सरावाला शेजारी माणूस चालतो ना?"

"चालतो… पण तुम्ही कधी बसत नाही."

"आज बसतो. तू म्हणतेस ना टिकेल."

ते गाडीत बसले. हेल्मेटचा पट्टा त्यांना लावता येईना. ब्रेकचे पॅड डोळे मिटून बदलणारी ती बोटं हनुवटीखाली चाचपडत राहिली. शेवटी त्यांनी मान वर केली आणि शर्वाणीकडे वळून बसले.

तिनं पट्टा ओवला. गळ्याची सैल कातडी पट्ट्यात सापडू नये म्हणून एक बोट आत घातलं, मग आवळला. पांढरी दाढी तिच्या मनगटाला लागली. साबणाचा आणि ग्रीसचा वास आला. इतक्या वर्षांत ती त्यांच्या इतक्या जवळ कधी गेली नव्हती.

"घट्ट झाला का?"

"बरा झाला."

तिनं गाडी सुरू केली. ट्रॅकच्या तोंडाशी निशाणवाला उभा होता. त्यानं हिरवं निशाण दाखवलं.

शर्वाणीचा पाय क्लचवर होता.

पुढे सरळ रस्ता होता. त्याच्या टोकाला पहिलं वळण, वळणाबाहेर जुन्या टायरांची भिंत, भिंतीपलीकडे ऊस. त्या टोकाला गाडी ताशी एकशे साठला पोचते, आणि मग तिथं ब्रेक दाबला की सगळा भार पुढच्या चाकांवर येतो. हे तिनं शेकडो वेळा केलं होतं. करताना कधी काही मनात आलं नव्हतं. आज तिला ती केसाएवढी रेघ दिसू लागली. भोकापासून काठापर्यंत…

शेजारी वस्ताद मांडीवर हात ठेवून समोर बघत होते. लग्नाच्या वऱ्हाडात बसलेल्या माणसासारखे निवांत.

निशाण पुन्हा हललं. मागच्या गाडीनं हॉर्न दिला.

"वस्ताद, तुम्ही उतरा."

"का गं?"

"उतरा तुम्ही. मी एकटी जाते."

"डिस्क चांगली आहे ना?"

"आहे…"

"मग?"

मागून पुन्हा हॉर्न वाजला. शर्वाणीनं गाडी बाजूला घेतली, वळवली आणि जिथून आणली तिथं परत नेली. इंजिन बंद केलं, खाली उतरली आणि जॅक लावू लागली.

वस्तादांनी हेल्मेट काढून टोपी घातली. आपल्या पत्र्याच्या पेटीतून त्यांनी डिस्कच्या दोन जोड्या काढल्या. एक तिच्याचसारखी, भोकांची, चकचकीत. दुसरी साधी. ना भोक, ना नक्षी. उचलायला जड.

"कुठली?"

ती भोकांच्या डिस्ककडे हात नेणार होती. हात मधेच थांबला. कारखान्यात तुटलेलं ओतीव काम तिच्या टेबलावर रोज यायचं. भेग कुठून निघाली ते शोधणं हेच तर तिचं काम. आणि दहांतल्या आठ वेळा ती एखाद्या भोकाच्या काठापासूनच निघालेली असे.

"रोज बघते मी हे," ती स्वतःशीच म्हणाल्यासारखी म्हणाली. "माझ्याच गाडीवर नाही बघितलं."

तिनं साधी उचलली.

"जड आहे," वस्ताद म्हणाले. "थोडी मंद वाटेल."

"जड आहे म्हणून उष्णता जास्त पोटात घेईल. दहा फेऱ्या झाल्या तरी ब्रेक तसाच लागेल."

"हं."

"उजवी तर धड आहे. एकच बदलू का?"

"जोडी आहे ती."

तिनं दोन्ही बदलल्या. पॅडही नवे घातले. वस्ताद बाजूला बसून होते. मागितलं ते हत्यार द्यायचे, न मागता काही द्यायचे नाहीत. दहा वाजून गेले. मग ती एकटीच ट्रॅकवर गेली आणि आधी हलके, मग थोडे जोरात, असे ब्रेक लावत डिस्क तापवत राहिली. मधे एक अख्खी फेरी ब्रेकवर पाय न देता, डिस्कला वारा खाऊ देत काढली. बाकीच्या गाड्या सपासप पुढे जात होत्या. एकानं जाता जाता हात हलवला. तिनंही हलवला.

मनापासून पळवायला तिला शेवटची वीस मिनिटं मिळाली.

अकरा वाजता फळ्यावर नावं लागली. शर्वाणी चौथी. तिसऱ्यापेक्षा सेकंदाच्या तीन दशांशांनी मागे.

ती येऊन वस्तादांशेजारी जमिनीवर बसली. त्यांनी थर्मासमधला चहा झाकणात ओतून तिच्याकडे सरकवला. ट्रॅक रिकामा झाला होता आणि फडातून ऊसतोडीचा आवाज येत होता.

"कदाचित टिकली असती ती," शर्वाणी म्हणाली.

"असती."

तिनं चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

"म्हणजे? तुटणारच, अशी तुमची खात्री नव्हती?"

"नव्हती."

"आणि तरी शेजारी बसलात… मी थांबलेच नसते तर?"

"तर पहिलं वळण आलं असतं."

चहा निवत चालला. शर्वाणीनं एक घोट घेतला, झाकण खाली ठेवलं. तिच्या आवाजात आता ना वाद होता, ना रुसवा.

"एक विचारते, वस्ताद. आकडा मला मोजता येतो. नखानं भेगही शोधता येईल, शिकेन मी. पण 'आज नको, उद्या बदलू' असं मन म्हणतं, ते मोजायला माझ्याकडे काही नाही. आज तुम्ही शेजारी होतात म्हणून माझा पाय थांबला. पुढच्या वेळी तुम्ही नसाल… तेव्हा कसं कळायचं?"

वस्तादांनी उरलेला चहा मातीत ओतला आणि थर्मासचं बूच लावलं.

"तेव्हा काय," ते म्हणाले, "गाडी रिकामी असेल?"