दीड माणसाची सहल

“...मग बुवा, दोघांची मजा दीड माणसाच्या खर्चात होत असेल, तर त्यात माझं चुकलं कुठं?”

बुवा नदीकडे बघत होते.

रंगनाथ ओतारी जरा पुढे सरकून बसला. तो दूध संघात खरेदी खात्यात होता. समोरचा गप्प बसला म्हणजे भाव उतरतो आहे, असा त्याचा नोकरीभरचा अनुभव.

मठ लहान. बुवांच्या नावावर चमत्कार एकही नव्हता, त्यामुळे गर्दी नसे. ख्याती एवढीच, की पूर आला म्हणजे गाव वर सरकायचं आणि बुवा खाली उतरून पोहायला लागायचे. मालमत्ता म्हणजे दोन पंचे. त्यातला एक कायम वाळत असे.

“पुन्हा सांग,” बुवा म्हणाले.

रंगनाथला तेच हवं होतं.

मुंबईच्या वाटेवर, घाटाखाली, ते मोठं पार्क. माणसाला उलटं टांगणारे पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, खोटा बर्फ, खोटा राजवाडा. मुलगी सासरी गेली, मुलगा नोकरीला लागला, आणि एका संध्याकाळी टीव्हीवर त्या पार्कची जाहिरात बघता बघता शैलजा म्हणाली, “जाऊ या का हो आपण?” इतक्या वर्षांच्या संसारात तिने स्वतःहून काही मागितल्याचं रंगनाथला दुसरं उदाहरण आठवेना. त्याने लगेच मंजुरी दिली आणि कामाला लागला.

“शनिवार-रविवार नाही. मधल्या वारी जायचं, तेव्हा सवलत. गाडी करायची नाही, एसटी. मुक्काम पनवेलला, साडूकडे. सकाळी त्याच्याकडेच पोटभर खाऊन निघायचं, म्हणजे आत वडापावला सोन्याचा भाव द्यायला नको.”

“साडूला सांगितलंस?”

“आयत्या वेळी सांगणार. आधी सांगितलं की ते गावाला जातात.”

बुवांनी मान डोलावली. साडूबद्दल त्यांना आदर वाटलेला दिसला.

“आणि खरी मेख पुढेच आहे, बुवा. तिथं नुसतं आत जायचं एक स्वस्त तिकीट असतं. पाळण्यात बसायचं नाही, फक्त हिंडायचं. म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी ठेवलेलं. माझं पुरं काढायचं, हिचं ते काढायचं. शिवाय सामान ठेवायला भाड्याचा कप्पा घ्यावा लागतो, तोही वाचला. ही बॅगेपाशी बसेल.”

“तिला बसायचं नाही पाळण्यात?”

“भीती वाटते हो तिला. गणपतीपुळ्याला समुद्रात उतरली नाही. महाबळेश्वरला घोड्यावर बसली नाही. रंकाळ्यावर होडी पायाशी आली तरी चढली नाही. दर वेळी आपली बॅग घेऊन काठावर.”

“आणि तू?”

“मी सगळ्यात बसतो. पैसे वसूल नकोत?”

“मग अडलं कुठं?”

रंगनाथने खाली घाटावर बसलेल्या बायकोकडे बघून आवाज खाली आणला.

“काल तिला तिकिटाचं समजावून सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, तुम्हीच या जाऊन. उठून भाकरी थापायला लागली. बास. तेव्हापासून बोलत नाही. एसटीत सरकारनं तिचं अर्धं तिकीट धरलं तर कौतुक, आणि मी धरलं तर राग... सवलत आज संपते, बुवा. तुमचा शब्द ती मोडायची नाही. तेवढं सांगा तिला.”

...

शैलजा घाटाच्या खालच्या पायरीवर बसली होती. मांडीवर बॅग, शेजारी नवऱ्याच्या चपला. बॅग काळ्या रेक्झीनची, दूध संघाच्या वार्षिक सभेत फुकट मिळालेली. चेन गेली होती म्हणून तोंडाला दोन सेफ्टी पिना लावल्या होत्या.

“पोरी, वर ये,” बुवांनी हाक मारली.

ती बॅग घेऊन वर आली. चपलाही घेऊन आली.

“तुला भीती वाटते?”

शैलजाने नवऱ्याकडे बघितलं. मग खाली, बॅगेकडे.

“वाटते,” ती म्हणाली.

“बघा!” रंगनाथ म्हणाला.

बुवांनी बघितलं. बॅग बघितली, चपला बघितल्या.

“पलीकडच्या पादुकांना नमस्कार केलात?”

पादुकांचं देऊळ नदीपल्याड. लग्न नवं असो की जुनं, नवराबायकोने तिथं जोडीने डोकं टेकायचं, ही मठाची रीत. जायला काहील. ज्या लोखंडी काहिलीत गूळ शिजतो, तीच हंगाम नसला की नदीत सोडतात आणि माणसं वाहतात. तळ सपाट, आकार ताटासारखा गोल. पाण्याला वाटेल तशी ती फिरते.

“इथूनच हात जोडले, बुवा. कळस दिसतो की इथून. तो काहीलवाला दौलू माणशी पैसे घेतो.”

“जोडीने जाऊन या. मग बोलू.”

“हिला भीती...”

“जाऊन या.”

शैलजा उठली आणि थबकली. तिने बॅग छातीशी धरली.

“हे कुठं ठेवू? पाण्यात भिजेल सगळं. यांचे चष्मे आहेत, गोळ्या आहेत...”

बुवांनी मांडी नीट घातली आणि दोन्ही हात पुढे केले.

रंगनाथ ओशाळला. “अहो बुवा, तुम्ही कशाला? ठेवा तिथं कोपऱ्यात. इथं कोण नेतंय?”

“तिथं पार्कात कोण नेतंय?”

बॅग बुवांच्या मांडीवर गेली. शैलजाने चपलाही त्यांच्याशेजारी ठेवल्या, आणि आता हातांचं काय करायचं ते न कळून पदर खोचला.

...

काहील काठावरून सुटली तशी रंगनाथने दोन्ही हातांनी कड पकडली. खाली एवढंसं लोखंड आणि त्याखाली सगळी नदी, हा हिशेब त्याच्या लक्षात आता आला.

“दौलू, सरळ ने रे.”

“सरळ जायला ही काय रेल्वे हाय, मालक?” दौलूने वल्हं मारलं. काहील हलकेच गोल फिरली. देऊळ डावीकडून उजवीकडे गेलं, मठ उजवीकडून डावीकडे आला.

“वहिनी, अजून फिरवू काय?”

“नको!” रंगनाथ म्हणाला.

“फिरवा,” शैलजा म्हणाली.

दौलूने वहिनींचं ऐकलं.

रंगनाथने डोळे मिटले. दत्ताचं नाव घेतलं. साडूच्या घरी खाल्लेल्या फुकटच्या जेवणांबद्दल मनोमन क्षमाही मागितली. तेवढ्यात त्याला एक आवाज ऐकू आला, आणि तो कोणाचा ते बघायला त्याने एक डोळा उघडला.

शैलजा हसत होती. पदर सुटून पाठीमागे उडत होता, एक हात कोपरापर्यंत पाण्यात, तोंड पूर्ण उघडं. डावीकडची एक दाढ पडलेली दिसत होती.

ती कधी पडली, रंगनाथला आठवेना.

पलीकडे दोघांनी जोडीने डोकं टेकलं. त्याचं जरा जास्त वेळ टेकलेलं राहिलं, कारण गरगरत होतं.

परतीला दौलूने काही विचारलं नाही. शैलजानेच सांगितलं, “दौलूभाऊ, मघासारखं.”

या खेपेला रंगनाथने डोळे मिटले नाहीत. कड मात्र सोडली नाही. त्याने समोर बघितलं, फक्त तिच्याकडे, आणि तसं बघितल्याने गरगरणं जरा कमी होतं असं त्याला आढळलं.

...

बुवा होते तिथंच होते. बॅगेचा पट्टा गळ्यात अडकवला होता, दोन्ही हात बॅगेवर होते. पंचा वाळून दोरीवरून खाली पडला होता. तो उचललेला नव्हता. दुपारच्या आरतीची वेळ उलटून गेली होती, आणि घंटा वाजली नव्हती.

रंगनाथ पायरीवर टेकला. अजून सगळं थोडं फिरत होतं.

“मग बुवा... ते तिकिटाचं...”

बुवांनी गळ्यातला पट्टा सारखा केला.

“बरं, राहू दे. निघतो आता. उशीर झाला.” त्याने सवयीने मान वळवली. “अगं, घे ती बॅग.”

शैलजाचा हातही सवयीनेच पुढे झाला. हात अजून ओला होता.

बुवांनी बॅग सोडली नाही.

“द्या ना, बुवा,” शैलजा म्हणाली. हसू तिच्या तोंडावर अजून होतं, आणि त्या भरात तिला धीटपणा आला. “नाहीतर असं करा, तुम्हीच चला. एक फेरी मारून या. फार मजा येते.”

“काहीतरीच काय!” रंगनाथ म्हणाला. “अगं, भर पुरात पोहणारा माणूस. त्यांना काहिलीचं काय अप्रूप?”

बुवांनी नदीकडे बघितलं. मग मांडीवरच्या बॅगेकडे. सेफ्टी पिना लागलेल्या आहेत ना, ते त्यांनी चाचपून बघितलं आणि बॅग आणखी जवळ ओढली.

“नको गं पोरी,” ते म्हणाले. “मला भीती वाटते.”