मंजुरीच्या आधी

इराचं अपंगत्वाचं अनुदान मंजूर होईपर्यंत तिच्या पायांचे उपचार बंद पडले तर, या काळजीनं प्रणोतीला झोप लागली नाही. आपल्याला धड बोलता तरी येईल का, असं पुटपुटत ती लेकीला कडेवर घेऊन आप्पासाहेब ढमाल्यांच्या ट्रस्टमध्ये गेली. आप्पासाहेब वाढदिवसाचे हार घालून बसले होते.

"ताई, आधी मंजुरी आणा. जे मिळालंच नाही, त्याच्या भरवशावर मदत कशी द्यायची?"

प्रणोतीनं मागच्या फ्लेक्सकडे बोट केलं. "तिथं 'भावी आमदार' लिहिलंय, अन् हार तर तुम्ही आजच घेताय. माझ्या इरालाही भावी लाभार्थी समजा की!"

कार्यकर्तेच फसकन हसले. आप्पासाहेबांनी मंजुरी येईपर्यंतचा उपचारांचा खर्च निमूट कबूल केला.

इरानं विचारलं, "आई, आधी कुणाचं मंजूर होणार? माझं की या आजोबांचं?"