एडिटरची स्वागतपाटी

"पण वीस ओळींनी असं काय बिघडतंय, गुरुजी?"

विरोचन अगदी हट्टालाच पेटला होता. म्हसकर गुरुजींनी बनवलेला तो एडिटर, म्हणजे संगणकावर मजकूर लिहायचा प्रोग्रॅम, अडतीस वर्षांचा. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. ना चित्रं, ना माउस. फुकट! कुणीही घ्यावा, कुणीही सुधारावा. विरोचन त्याच्यापायी तीन वर्षं खपला होता.

आता स्वारीने त्यात वीस ओळींची एक स्वागतपाटी घातली होती. एडिटर उघडला की आधी सगळा इतिहास. कोणत्या साली कुणी काय जोडलं... आणि शेवटच्या ओळीत, अर्थातच, विरोचन. गुरुजींचा होकार मिळाला की नवी आवृत्ती जगभर जाणार होती.

"हे कुणी घडवलं, ते लोकांना कळायला नको?"

गुरुजी उठले. "चल, कुमुदताईंकडे जाऊ."

नवी आवृत्ती आधी शेजारच्या कुमुदताईंकडे चालवून बघायची, ही गुरुजींची जुनी रीत. ताईंची दृष्टी सातव्या वर्षीच गेलेली. पडद्यावरचं सगळं संगणक त्यांना वाचून दाखवायचा. दुपारी डोळा लागला, की उठल्याउठल्या त्या पडलेलं स्वप्न लिहून ठेवायच्या.

विरोचनने ताईंच्या संगणकावर नवी आवृत्ती चढवली तेव्हा ताई नुकत्याच उठल्या होत्या. खोलीत खिडकीच्या पडद्यातून गाळलेला निळसर उजेड होता.

"आज आई दिसली, गुरुजी," त्या झोपेतच असल्यासारख्या म्हणाल्या. "लुगड्याचा रंगसुद्धा दिसला हो... थांबा, लिहिते आधी."

त्यांनी एडिटर उघडला. संगणक बोलू लागला. साल, नाव. साल, नाव. साल, नाव...

ताईंची बोटं कळफलकावर तशीच थांबली.

कितीतरी वेळाने आवाज म्हणाला, "विरोचन." मग शांत झाला.

"कसला बरं रंग..." ताई चाचरल्या. "आत्ता तर होता... गेला बाई."

 विरोचन पुढे झाला आणि त्याने पाटी काढून टाकली. स्वतःच्या नावासकट.

ताईंनी पुन्हा एडिटर उघडला. या वेळी संगणकाने एकही नाव वाचलं नाही. त्या डोळे मिटून बसून राहिल्या... मग एक अक्षर उमटलं. मग दुसरं.

 तरी विरोचनच्या मनातली रुखरुख काही जाईना.

"गुरुजी, मग आपल्या सगळ्यांचा इतिहास... राहणार कुठे?"

गुरुजींनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल. त्या लिहितायत."