गावासाठी जेवणारा माणूस

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या गोष्टीतल्या म्हाताऱ्यांनाही तेव्हा नुकतंच कुणीतरी पोर म्हणायचं बंद केलं होतं. डोंगराच्या कुशीत एक राज्य होतं आणि त्या राज्यात एक चाल होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी राजवाड्यापुढच्या पटांगणात मोठी तुळा उभी राहायची. प्रत्येक गावानं आपला एक माणूस आणायचा. तो एका पारड्यात बसायचा आणि दुसऱ्या पारड्यात राजाच्या कोठारातला गूळ चढायचा. माणूस जितका भरेल तितका गूळ त्याच्या गावाला. त्या गुळावर गावाची दिवाळी व्हायची.

राजाच्या पणजोबानं ही चाल पाडली, तेव्हा त्याच्या मनात वाईट काहीच नव्हतं. आपल्या राज्यात माणसं पोटभर जेवतात की नाही, ते वर्षातून एकदा आपल्या डोळ्यांना दिसावं, एवढंच त्याला हवं होतं. पण वडीलधाऱ्यांच्या हातात चांगली गोष्ट दिली, की ते तिचं काय करून ठेवतील त्याचा नेम नसतो. गावोगावच्या शहाण्या डोक्यांना लवकरच कळलं, की सगळं गाव नीट जेवू घालण्यापेक्षा एकच माणूस फुगवणं जास्त सोपं आहे.

अशाच एका गावात येसबा राहायचा. एकोणिसाव्या वर्षी गावानं त्याला तुळेसाठी निवडलं, तेव्हा त्याच्या गळ्यात झेंडूची माळ घातली. आता तो बत्तीस वर्षांचा होता आणि साडेतीन मण भरत होता. त्याला कुणी नांगर धरू देत नसे, की मोट हाकू देत नसे. घाम गेला की वजन गेलं, असं थोरले आबा म्हणायचे. थोरले आबा म्हणजे गावातले सगळ्यांत मोठे. ते बोलले की गावात दुसऱ्या कुणी बोलायचं नसतं.

रोज एका घराची पाळी असायची. पाळीच्या घरून दुपारी ताट यायचं. कधी पुरणपोळी, कधी गुळाची लापशी, कधी शेवयांची खीर, आणि भाताचा डोंगर तर रोजचाच. ताट घेऊन आलेलं माणूस येसबा जेवेपर्यंत समोर बसून राहायचं. एक शीत उरलं, तरी त्या घराचा अपमान. येसबा स्वभावानं गरीब. कुणी "माझ्या हातचं एवढं खा रे बाळा" म्हटलं, की त्याला नाही म्हणता येत नसे. तेरा वर्षं तो भूक नसताना जेवत होता आणि त्याला वाटत होतं, की हे सगळे आपल्यावर किती माया करतात.

अलीकडे मात्र त्याला सारखी तहान लागायची. अंगणातून ओसरीपर्यंत येताना मध्ये थांबावं लागायचं. तळपायांना मुंग्या यायच्या. गावच्या वैद्याला विचारलं, तर वैद्य म्हणाला, की हे बलाचं लक्षण आहे. वैद्याच्या घरातही सहा तोंडं होती आणि सहाही तोंडांना दिवाळीत गूळ लागायचा.

येसबाचा बाप याच तुळेत बसायचा. त्याचा एक पाय आधी काळा पडला, मग सडला आणि बेचाळिसाव्या वर्षी तो गेला. गावानं वेशीपाशी त्याच्या नावाचा दगड उभा केला. येता-जाता म्हातारे त्या दगडाला हात जोडायचे. दगडाला हात जोडायला काय लागतं.

दिवाळी झाली आणि डोंगरापलीकडून धनगरांची मेंढरं शेतात बसायला आली. एका धनगरणीला ताक हवं होतं, म्हणून ती येसबाच्या अंगणात आली. येसबाची बायको चिमा आत ताक आणायला गेली. धनगरीण ओट्यावर बसली आणि येसबाच्या पायाकडे बघत राहिली.

"दादा, पायात एवढा काटा घेऊन कसा बसलास?"

येसबानं खाली पाहिलं. बाभळीचा बोटभर काटा टाचेत रुतला होता. भोवतीची कातडी लाल झाली होती. त्याला काहीच कळलं नव्हतं.

चिमा ताकाचा गडवा घेऊन दारातच थांबली. गडवा तिच्या हातात तिरका झाला आणि ताक उंबऱ्यावर सांडलं. सासऱ्याचा पाय तिनं पाहिला होता. त्या पायाची पट्टी तीच बदलायची.

त्या धनगरणीचा गावच्या गुळात वाटा नव्हता. म्हणूनच ती खरं बोलू शकली. तिनं काटा काढला, जखम धुतली आणि सांगितलं, की तिच्या दिराचं असंच झालं होतं. तो अजून मेंढरांमागं चालतो, कारण त्यानं वेळेवर ताट बदललं. गूळ बंद. भात, पोळी, खीर, लापशी बंद. पालेभाजी हवी तेवढी, वांगी, दोडका, अंडी, मटण, दही, ताक, शेंगदाण्याची चटणी. अगदीच राहवेना, तर अर्धी भाकरी, तीही भाजी पोटात गेल्यावर. दिवस मावळायच्या आत जेवण, वेळेवर झोप. आणि चालायचं.

"किती चालायचं?" चिमानं विचारलं.

"मेंढरं थांबत नाहीत तोवर," धनगरीण म्हणाली. मग येसबाकडे बघून तिला दया आली असावी. "पहिल्या दिवशी आमच्या कुत्र्यापर्यंत ये. कुत्रं म्हातारं आहे, फार लांब बसत नाही."

दुसऱ्या दिवशी येसबा कुत्र्यापर्यंत गेला आणि धापा टाकत बांधावर बसला. कुत्र्यानं एक डोळा उघडून त्याला पाहिलं आणि पुन्हा मिटला. आठवड्यानं तो ओढ्यापर्यंत गेला. महिन्यानं मेंढरांमागं टेकडीवर.

हे सोपं गेलं असं मी सांगितलं, तर ते खोटं होईल. पहिले पाच दिवस त्याचं डोकं ठणकत होतं. तो चिमावर उगाच ओरडला, कोंबड्यांवर ओरडला. बाराव्या दिवशी चिमा पाणी आणायला गेली असताना त्यानं फडताळातलं गुळाचं मडकं खाली घेतलं आणि हातानं खरवडून खाल्लं. ती आली तेव्हा तो मडकं मांडीवर घेऊन रडत बसला होता, तोंड चिकट, हात चिकट.

ओला पदर घेऊन चिमानं त्याचा हात पुसला, एकेक बोट करून. मग त्याच्या शेजारी भिंतीला टेकून बसली.

"आजचा दिवस गेला," ती म्हणाली. "उद्याचा अजून आपल्या हातात आहे."

खरा त्रास ताटांचा होता. पाळीची ताटं थांबली नव्हती. चिमानं एक युक्ती केली. ताट आलं, की ती ते दोन्ही हातांनी घ्यायची, कपाळाला लावायची आणि त्याच माणसाबरोबर त्याच्या घरी जाऊन त्याच्याच पोरांपुढे ठेवायची. पोरं बिचारी वर्षानुवर्षं त्या खिरीचा नुसता वास घेत होती. दोन मिनिटांत ताट चाटूनपुसून लख्ख व्हायचं. ताट उरलं, असं म्हणायची सोय कुणाला उरली नाही.

तरी गाव बोललंच. चिमानं नवऱ्यावर काहीतरी करणी केली, असं विहिरीवर ठरलं. येसबाचा सदरा आता दोघांना पुरेल, असं पारावर ठरलं. एक म्हातारी चुलती रोज दारात येऊन डोळ्यांना पदर लावायची आणि गाल बघ कसे बसलेत म्हणायची. तिनं कधी त्याच्या टाचेकडे पाहिलं नाही. टाच मात्र भरून आली होती. आणि एका सकाळी ओढ्यात उतरल्यावर येसबाला पाण्याचा गारवा पायाला लागला. तो तिथंच उभा राहिला, पुढे जाईना. चिमाला वाटलं, पाय घसरला. ती धावत आली.

"गार आहे गं," तो म्हणाला. "पाणी गार आहे."

श्रावणात थोरल्या आबांनी चावडीवर बैठक बोलावली. दसरा दोन महिन्यांवर आला होता आणि गावाचा गूळ, त्यांच्या मते, चोरीला गेला होता. आबा बराच वेळ बोलले. गावानं तेरा वर्षं घास भरवला, तेव्हा पाठ फिरवली नाहीस. तुझा बाप गावासाठी बसला, एक शब्द काढला नाही त्यानं. त्याचं नाव राहिलं. तुला नाव नको का? आता राहिलेले दोन महिने मुकाट्यानं जेव, दसरा झाल्यावर तुला काय करायचं ते कर.

येसबाचं मन डळमळलं. ही माणसं परकी नव्हती. यांच्याच अंगाखांद्यावर तो वाढला होता. दोनच महिने तर होते. त्यानं चिमाकडे पाहिलं. ती बायकांच्या घोळक्यात मागे उभी होती आणि तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. तिनं ना हो म्हटलं, ना नाही. पाय त्याचा होता. निवड त्यालाच करायची होती.

येसबा उठला. कुणाचा हात न धरता उठला, हे बऱ्याच जणांच्या लक्षात आलं.

"आबा, मी जेवणार नाही. दुसरा कुणीतरी निवडा. तुमचा धाकटा नातू वीस वर्षांचा झाला. हाडानं रुंद आहे, चांगला भरेल. उद्यापासून त्याला जेवू घाला, पहिलं ताट माझ्या घरून."

येसबानं वैद्याकडे पाहिलं, वैद्यानं पागोटं सारखं केलं. त्यानं प्रत्येक म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि प्रत्येकाच्या घरात एक मुलगा नाहीतर नातू होता. गावासाठी सगळ्यांना सगळं द्यायचं होतं, फक्त आपलं पोर सोडून.

शेवटी कुणीच मिळालं नाही आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तुळेला येसबाच गेला. आबा गाडीत बसून गेले, येसबा आणि चिमा गाडीमागून चालत.

येसबा अडीच मण भरला. लोक हसले. आबा मान खाली घालून उभे राहिले. मग ओढ्यापलीकडच्या गावाचा माणूस आला आणि ढोल वाजू लागले. त्याला चौघांनी धरून पारड्यात बसवलं. गुळाच्या ढेपांवर ढेपा चढल्या, सव्वाचार मण झाले, तेव्हा कुठं पारडी सम झाली. त्याच्या गावानं गुलाल उधळला. म्हाताऱ्यांनी ढेपा उतरवल्या, गाडीत रचल्या, वर गोणपाट टाकलं, दोरी आवळली. बैल जुंपले. गाडी निघाली, ढोल निघाले, गाव निघालं.

तो माणूस पारड्यातच होता.

गूळ उतरला तसं त्याचं पारडं जमिनीला टेकलं होतं आणि त्याला उठता येत नव्हतं. तो दोनदा धडपडला. मग त्यानं प्रयत्न सोडला आणि लांब जाणाऱ्या गाडीकडे बघत राहिला. त्यानं हाक मारली नाही. बहुधा सवय असावी.

येसबा गर्दीतून पुढे गेला. पारड्यापाशी उकिडवा बसला. त्याचा हात हातात घेतला.

"तहान लागते का रे सारखी?"

त्या माणसानं मान हलवली.

"पायाला मुंग्या?"

त्या माणसाचा चेहरा वेडावाकडा झाला आणि तो लहान मुलासारखा रडायला लागला. येसबानं त्याच्या काखेत खांदा घातला. एकट्याला तो उचलेना. तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं कुणीतरी खांदा दिला, हाडकुळा, थरथरणारा. थोरले आबा होते. त्यांची नजर येसबाकडे नव्हती, त्या माणसाच्या पायांकडे होती. असे पाय त्यांनी पूर्वी पाहिले होते, येसबाच्या बापाचे. त्या वेळी त्यांनी तोंड फिरवलं होतं.

आबांनी माफी मागितली नाही. म्हाताऱ्यांना ती येत नाही. पण परतताना त्यांनी त्या माणसाला स्वतःच्या जागी गाडीत बसवलं आणि ऐंशी वर्षांचा तो हट्टी म्हातारा सगळी वाट गाडीमागून चालत आला. येसबानं पावलं लहान केली, म्हणजे आबांना मागे पडल्यासारखं वाटणार नाही.

त्या दिवाळीत घरटी मूठभर गूळ आला. करंज्या कमी झाल्या. कुणी मेलं नाही.

दिवाळी सरली त्याच्या दुसऱ्या दिवशी पाळीच्या घरून ताट आलं. चिमानं झाकण काढलं, तर आत मेथीची भाजी, दोन उकडलेली अंडी आणि ताकाचा पेला. आणणारी बाई समोर बसली नाही, ठेवून निघून गेली. ओढ्यापलीकडचा माणूस रोज सकाळी यायचा, पहिल्या दिवशी ओढ्यापर्यंत, मग वेशीपर्यंत, आणि येसबा त्याच्या पावलांनी चालायचा.

पुढच्या वर्षीपासून तुळेत कोण बसणार ते चिठ्ठी टाकून ठरू लागलं आणि ज्याचं नाव निघे त्याला कुणी एक घासही जास्त वाढत नसे. पहिली चिठ्ठी थोरल्या आबांची निघाली. ते पावणेदोन मण भरले. गावानं तेवढाच गूळ वाजतगाजत आणला, पण आधी आबांना हात देऊन पारड्यातून उतरवलं.

तेव्हा लहानांनो आणि मोठ्यांनो, या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: मायेच्या नावानं वाढलेलं ताट जर आपला जीव खात असेल, तर त्या ताटावरून उठण्यात कुणाचा अपमान नसतो.