सालोमीबाईंचा गुडघा

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात ख्रिस्ती मंडळीचे एक पाळक होते, शांतवन नावाचे. माणूस कष्टाळू, मनाने निर्मळ. पण बोलायला लागले की दुसऱ्याचे ऐकायचे राहूनच जाई. दर गुरुवारी ते घरोघर जात, वचन वाचत, प्रार्थना करत आणि चहा यायच्या आत पुढच्या घरी निघत.

सालोमीबाई एकट्या राहत. पावसाळ्यात त्यांचा गुडघा सुजला. तेव्हापासून पाळकसाहेब त्या गुडघ्यासाठी खड्या आवाजात प्रार्थना करीत.

"साहेब, एक सांगायचं होतं," बाई म्हणत.

"प्रभूला सगळं ठाऊक आहे, बाई," असे म्हणत साहेब पायांत चपला सरकवत.

एका गुरुवारी पाहतात तर दारात ट्रंक बांधून ठेवलेली. बाई बहिणीच्या गावी कायमच्या निघाल्या होत्या. साहेब गडबडले. त्यांनी डोळे मिटून नेहमीसारखी सुरुवात केली, "हे प्रभो, या बहिणीच्या गुडघ्याला…"

"गुडघा केव्हाच बरा झालाय," सालोमीबाई म्हणाल्या. "प्रभूला सगळं ठाऊक आहे, साहेब. तुम्हाला नाही."

साहेब वरमले. चटईवर बसत म्हणाले, "सांगा." आणि गप्प राहिले. ते त्यांना जडच गेले.

बाईंनी सांगितले ते असे: शेजारच्या राहेलबाई त्यांची जुनी मैत्रीण. साहेबांनी एकदा उपदेशात चहाडखोर शेजारणीची गोष्ट सांगितली. राहेलबाईंना वाटले, ही आपल्यावरच. सालोमीनेच साहेबांचे कान भरले. तेव्हापासून बोलणे बंद.

"भिंतीला भिंत, अन् साधी हाक नाही. कशाला राहू इथं?" सालोमीबाई म्हणाल्या.

साहेब तडक शेजारी गेले. खुलासा अगदी ओठांवर आला होता, पण तो त्यांनी आवरला आणि आधी राहेलबाईंनाच काय झाले ते विचारले. त्या रागावल्या, रडल्या, मनातले सगळे बोलून मोकळ्या झाल्या. मग साहेब म्हणाले, "ती गोष्ट माझ्याच मनची होती. सालोमीबाई तुमच्याबद्दल अवाक्षर बोलल्या नाहीत. मी त्यांना बोलू दिलंच कुठं? चूक माझी आहे."

राहेलबाई पदराने डोळे पुसत उठल्या त्या थेट सालोमीबाईंच्या दारात.

"मला न सांगता कुठं निघालीस गं?"

"तू बोलत होतीस का, सांगायला?"

दोघी हसल्या. दोघींनी मिळून ट्रंक आत नेली आणि एकदमच बोलू लागल्या. पाळकसाहेब उंबऱ्यावर बसून ऐकत राहिले. दिवेलागण झाली, तरी उठले नाहीत.

तात्पर्य: मंडळीच्या पुढाऱ्याने लोकांना उपदेश करण्याआधी त्यांचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे, ऐकणे हीसुद्धा देवाची सेवाच आहे.