उपडी पत्रावळ

ऐक तळ्यामाई, तुझी कहाणी. तळ्याकाठी वर्षाची पंगत बसली होती, तीत एक पत्रावळ उपडी होती.

नगर ते आटपाट. तिथं केशर नावाची नवी सून आली. भांडं वाजलं तरी दचकायची. तिनं ती पत्रावळ सुलटी करायला हात घातला. सासूनं मनगट धरलं. राहू दे, म्हणाली. का, ते सांगेना. मग केशरच्या ध्यानात आलं, ह्या काठावर कोणी कोणाला मोठ्यानं हाकही मारीत नाही.

मग थोरल्या जावेनं चुलीपाशी हळूच सांगितलं. तळं नव्हतं तेव्हा तिथं एक वाडी होती. राजानं बांध घातला. वाडीनं सामान काढायला एक दिवस मागितला. नगरानं दिला नाही. पाणी सोडायची मोरी धोंड्यांनी बुजवली. पाणी चढलं. वाडीतून हाका आल्या, कोणी ओ दिली नाही. उरलीसुरली माणसं बांधाखालच्या खडकाळीत राहिली. मोरी बुजल्यानं तिथला ओढाही आटला. ती पंगतीला येऊ नयेत म्हणून पत्रावळ उपडी.

केशरनं वसा घेतला. पत्रावळ सुलटी करीन, मोरी उघडीन, त्यांना हाक मारीन.

मग पहिल्या वर्षी तिनं पंगतीत सारं सांगितलं. बाया धाय मोकलून रडल्या. एकमेकींचे डोळे पुसले, हलक्या झाल्या, घरी गेल्या. पत्रावळ उपडीच राहिली.

मग दुसऱ्या वर्षी सांगितलं. पुरुष रागावले. आजोबांनी केलं ते आमच्या माथी का, मोरी उघडून आमची भातं वाळवायचीत का, म्हणाले. चिडून बांधाला नवा चुना लावला. पत्रावळ उपडीच राहिली.

मग तिसरं वर्ष आलं. त्या उन्हाळ्यात खडकाळीतल्या धोंडाईचा तान्हा नातू पाण्यावाचून गेला होता. ह्या खेपेला सांगत न बसता केशरनं पत्रावळ सुलटी केली, शेजारी तांब्या भरून ठेवला. पंगतीनं हातातले घास खाली ठेवले. सासूनं पदर डोळ्यांना लावला.

केशर म्हणाली, "आत्याबाई, आत्ता नका रडू. रडलं की बरं वाटतं, आणि मग आपण घरी जातो."

सासूनं पदर खोचला. बांधावर गेली, मोरीतला पहिला धोंडा तिनं उपसला. मग जावेनं उपसला. मग ज्यांची भातं होती, ते खाली मान घालून आले.

पाणी खडकाळीकडे निघालं. केशर बांधावर उभी राहिली. "जेवायला या हो," तिनं हाक मारली. ओ नाही. दुसरी मारली. ओ नाही. तिसरीला तिचा आवाज फाटला.

मग खालून धोंडाई बोलली, "ऐकतेय गं. आमच्या आज्यांनी साठ मारल्या होत्या, तेवढ्या तर मार."

तळ्यामाई, केशरला जशी ओ मिळाली, तशी हाक मारणाऱ्या सगळ्यांना मिळो. साठां हाकांची ही कहाणी एका उत्तरी सुफळ संपूर्ण.